अमेरिकेची दारूबंदी आणि मिथेनॉलचे विष

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत राज्यघटनेची १८वी दुरुस्ती अमलात आली आणि मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक बेकायदेशीर ठरली. दारूपायी घरे उद्ध्वस्त होताना पाहणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी आणि चर्चशी जोडलेल्या चळवळींनी या मागणीसाठी कित्येक दशके झटून काम केले होते, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. १९१३ मध्ये आयकर आल्यामुळे सरकारी तिजोरीचे मद्यावरील करावरचे अवलंबित्व घटले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन वंशाच्या बिअर उत्पादकांविरुद्ध रोष उसळला, आणि दारूबंदीचा मार्ग मोकळा झाला.

मात्र बंदी होती ती पेयावर, इथेनॉलवर (म्हणजे दारूतील अल्कोहोलवर) नव्हे. रंग, औषधे, अत्तरे आणि द्रावके बनवणाऱ्या कारखान्यांना इथेनॉल हवेच होते. ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखे पदार्थ मिसळण्याची पद्धत दारूबंदीच्या आधीपासून होती. तस्करांनी हेच औद्योगिक अल्कोहोल चोरून, पुन्हा ऊर्ध्वपातन करून विकायला सुरुवात केली. मिथेनॉल सुमारे ६५ अंश सेल्सिअसला उकळते, तर इथेनॉल सुमारे ७८ अंशांना. हा फरक इतका थोडा आहे की ओबडधोबड भट्टीवर दोन्ही पूर्णपणे वेगळे करणे जवळपास अशक्यच असते.

मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते. यकृतातील विकरे आधी त्याचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवतात. हे आम्ल पेशींचा ऑक्सिजनचा वापर रोखते आणि दृष्टीच्या मज्जातंतूवर पहिला घाला घालते. त्यामुळे पिणाऱ्याला काही तास बरे वाटते आणि मग डोळ्यांपुढे धुके येते. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर पोटात गेले तरी कायमचे अंधत्व येऊ शकते.

तस्करी थांबेना तेव्हा सरकारने या मिश्रणातील विषाचे प्रमाण आणखी वाढवले. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत विषबाधेच्या रुग्णांची रीघ लागली आणि अनेक जण दगावले. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस आणि त्यांचे विषशास्त्रज्ञ अलेक्झांडर गेटलर यांनी विषबाधेच्या या बळींची नोंद ठेवली, आणि लोक पिणार हे ठाऊक असूनही विष मिसळणाऱ्या सरकारवर नैतिक जबाबदारी येते, असे नॉरिस यांनी जाहीरपणे सांगितले. चांगली दारू महाग झाली होती, त्यामुळे सर्वाधिक मार गरिबांना बसला. मला ही या कायद्याची सर्वांत काळी बाजू वाटते.

दारूबंदीने काहीच साधले नाही, असे म्हणता येणार नाही. सुरुवातीला मद्यसेवन बरेच घटले, यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यूही कमी झाले. पण समाजाची रीत कायद्याला हवी त्या दिशेने बदलली नाही. पूर्वीचे ‘सलून’, म्हणजे दारूचे गुत्ते, हे मुख्यतः पुरुषांचे ठिकाण होते. चोरट्या मद्यगृहांत स्त्रिया आणि पुरुष एकत्र पिऊ लागले. बिअरपेक्षा कडक दारू लपवून नेणे सोपे होते, म्हणून तिचा वाटा वाढला. १९२९ मध्ये पॉलिन सेबिन यांनी दारूबंदी रद्द करण्यासाठी स्त्रियांची संघटना उभारली, हा बदल बोलका होता. महामंदीत सरकारला महसूल आणि लोकांना रोजगार हवा होता. ५ डिसेंबर १९३३ रोजी २१व्या दुरुस्तीने देशव्यापी बंदी उठली.

मिथेनॉलचा धोका मात्र बंदीपुरता मर्यादित नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभरहून अधिक जणांचा जीव घेतला, आणि तेव्हा मुंबईत दारूची दुकाने उघडीच होती. स्वस्त आणि बेकायदा दारू हाच ज्यांच्या ऐपतीतला पर्याय असतो, त्यांच्यापर्यंत हे विष आजही पोहोचते.