रिफॉर्म यहुदी समाजातील प्रौढ धर्माध्ययन

रिफॉर्म हा यहुदी धर्मातील सुधारणावादी पंथ. त्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळांत, मोठ्या वयाच्या सभासदांसाठी तोरा या पवित्र ग्रंथाच्या वाचनाची मंडळे, हिब्रूचे वर्ग आणि इतिहास, तत्त्वज्ञान व प्रार्थनेवरील पाठ चालतात. ते येथे प्रौढ धर्माध्ययन या नावाखाली एकत्र घेतले आहेत. यहुदी परंपरेत अध्ययनाचे मोल फार मोठे आहे. मिश्ना या प्राचीन यहुदी धर्मसंहितेतील ‘पेआ’ या भागाच्या आरंभीच मातापित्यांचा मान राखणे, परोपकार करणे अशी सत्कर्मे सांगून तोराचे अध्ययन या सर्वांच्या तोलाचे ठरवले आहे. रिफॉर्म पंथात त्याची निकड आणखी वाढते. हलाखा, म्हणजे पारंपरिक धर्मशास्त्र, येथे सरसकट बंधनकारक नाही. कोणता आचार पाळायचा हे प्रत्येकाने समजून उमजून ठरवायचे असते. ग्रंथच ठाऊक नसतील तर ही मोकळीक पोकळ ठरते.

पंथाच्या सुरुवातीच्या काळात भर मुलांच्या शिक्षणावर होता. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत आणि नंतर अमेरिकेत अनेक रिफॉर्म मंडळ्यांनी तेराव्या वर्षीच्या बार मित्स्वाऐवजी, म्हणजे मुलगा धर्मदृष्ट्या सज्ञान झाल्याच्या विधीऐवजी, किशोरवयातील ‘कन्फर्मेशन’, म्हणजे धर्मनिष्ठेची ग्वाही देण्याचा विधी, रूढ केला. पुष्कळांचे धर्मशिक्षण तिथेच संपे. प्रौढांच्या अध्ययनाला नवी दिशा मिळाली ती फ्रांकफुर्टमध्ये. तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेन्झ्वाइग यांनी १९२० मध्ये तेथे ‘फ्रायेस युडिशेस लेअरहाउस’ ही खुली विद्याशाळा सुरू केली. ही संस्था रिफॉर्म पंथाची नव्हती, पण तिचा विचार या पंथाला मानवला. धर्मापासून दुरावलेल्या सुशिक्षित माणसाने आपले आजचे आयुष्य आणि आपल्या शंका घेऊन ग्रंथाकडे यावे, असे रोझेन्झ्वाइग यांचे म्हणणे होते. तिथे तत्त्वज्ञ मार्टिन बूबर शिकवत, तसेच एडुआर्ड श्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञही बायबलचे पाठ घेत. नाझी राजवटीत यहुद्यांना शाळा-विद्यापीठांतून बाहेर काढले जात असताना, १९३३ मध्ये बूबर यांनी बंद पडलेले लेअरहाउस पुन्हा उघडले. १९३८ मध्ये ते कायमचे बंद झाले. अमेरिकी रिफॉर्म रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, १९९९ मध्ये पिट्सबर्ग येथे मंजूर केलेल्या तत्त्वनिवेदनात आजन्म तोराध्ययन आणि हिब्रूचा अभ्यास यांचा स्पष्ट पुरस्कार आहे.

आज या अध्ययनाचा कणा म्हणजे शनिवार सकाळचे तोरामंडळ. शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रामदिनाच्या, प्रार्थनेआधी दहा-वीस जण टेबलाभोवती बसतात आणि त्या आठवड्याची परशा, म्हणजे नेमून दिलेला तोरापाठ, वाचतात. पारायणाची घाई येथे नसते. एका ओळीवर तासभरही जातो. मध्ययुगीन भाष्यकार राशी यांचे मत, आधुनिक ग्रंथचिकित्सा आणि शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षिकेची शंका यांना एकाच चर्चेत जागा मिळते. अनेक मंडळांत रब्बी गुंथर प्लाउट यांनी संपादित केलेले १९८१ चे तोराभाष्य हाताशी असते.

सर्वांत हृद्य प्रथा प्रौढ बार मित्स्वा आणि स्त्रियांसाठीच्या बात मित्स्वाची. मुलींसाठी हा विधी नसण्याच्या काळात वाढलेल्या स्त्रिया तिच्यात मोठ्या संख्येने उतरल्या. तयारीला बहुधा वर्ष-दोन वर्षे लागतात आणि कित्येकांची सुरुवात हिब्रू मुळाक्षरांपासून होते. खरी कसोटी पुढे असते, कारण तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, गायनाच्या खुणाही नसतात. सरावाच्या पुस्तकात दोन रकाने असतात: एकात सर्व चिन्हांसह मजकूर, शेजारी तोच मजकूर गुंडाळीत दिसतो तसा. पहिला रकाना झाकून दुसरा म्हणता येईपर्यंत घोकंपट्टी चालते. विधीच्या दिवशी चर्मपत्राला बोट न लावता दर्शक कांडीने ओळ दाखवत साठी-सत्तरीतली बाई आपला भाग म्हणते आणि त्यावर स्वतःचे विवेचनही करते. पाठांतराइतकाच मान या विवेचनाला असतो, आणि तो योग्यच आहे.

यहुदी धर्म स्वीकारू इच्छिणारे आणि यहुदी नसलेले जोडीदार यांच्यासाठी काही महिन्यांचे परिचयवर्गही असतात. त्यांत जन्माने यहुदी असलेलेही अनेकदा बसतात.

महाराष्ट्रात या उदारमतवादी प्रवाहाचा धागा मुंबईच्या बेने इस्राएल समाजात आहे. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना तेथील लिबरल यहुदी चळवळीशी संपर्क आलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ या उदारमतवादी संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. रोदेफ शालोम हे सिनेगॉग त्याच कार्यातून उभे राहिले.