आमच्याकडे स्कूबा डाईव्हिंगचं महागडं प्रीमियम गिअर का नाही, आणि बाहेरून घेतलेला सेट आमच्याकडे कधी आणायचा

नमस्कार. दर सीझनला नारळी पौर्णिमा झाली, चवथ झाली, समुद्र निवळायला लागला की फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे फोन एकाच प्रश्नाचे असतात, दादा तुमच्याकडे अमुक कंपनीचा टॉपचा रेग्युलेटर आहे का, नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, का नाही ठेवत, एवढं वास्कोसारख्या ठिकाणी दुकान आहे, समोर ग्रँडे आयलंड आहे, मग माल का भरत नाही. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगत बसलो तर बोटीची कामं राहतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. ज्यांनी ओपन वॉटर (डाईव्हिंगचा पहिला कोर्स) केलंय किंवा करताहेत त्यांच्यासाठी आहे हे, त्यामुळे रेग्युलेटर म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, त्याचा सिलेंडरवर बसणारा भाग फर्स्ट स्टेज आणि तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज, एवढंच सांगून पुढे जातो.

आधी सरळ उत्तर. प्रीमियम रेग्युलेटर आम्ही शेल्फवर ठेवत नाही, ऑर्डरवर आणून देतो. प्रीमियम मास्क आणि डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) मात्र ठेवतो आणि मुद्दाम ठेवतो. हा निर्णय दोन-तीन सीझन पैसे अडकवून मग घेतलाय.

गोव्यात आपण डाईव्ह कुठे करतो ते बघा. ग्रँडेच्या आजूबाजूला, सूझीज रेक या बुडालेल्या जहाजावर, बहुतेक वेळा १२ ते १६ मीटर. पाणी साधारण २६ ते ३० डिग्री. आता महागड्या रेग्युलेटरमध्ये जास्तीचे पैसे कशाचे असतात, तर एक म्हणजे बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलेंडर २०० बारवर असो की ५० वर, श्वास तसाच सुटसुटीत येतो, आणि दुसरं म्हणजे थंड पाण्यात न गोठणं. युरोपच्या स्टँडर्डमध्ये १० डिग्रीच्या खालचं पाणी म्हणजे कोल्ड वॉटर, तिथे हवा प्रसरण पावताना इतकी थंड होते की फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरून फ्रीफ्लो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहणं, होऊ शकतो. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आणि खोलीचं म्हणाल तर ३० मीटरला प्रेशर ४ बार असतं, हवा चौपट दाट होते, तिथे चांगला आणि साधा रेग्युलेटर यातला फरक छातीला कळतो. १५ मीटरला अडीच बार, तिथे नीट सर्व्हिस केलेला साधा रेग्युलेटर आणि महागडा यात फरक ओळखून दाखवणारे कमीच भेटतात, आणि सर्व्हिस न केलेला महागडा तर साध्यापेक्षाही जड चालतो, हे मी रोज बघतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीलबंद डायफ्रॅमवाला, म्हणजे पाणी आत स्प्रिंगपर्यंत जाऊ न देणारा फर्स्ट स्टेज गोव्यात खरंच उपयोगी आहे, थंडीसाठी नाही, गाळासाठी. मांडवी-झुवारीचं पाणी समुद्रात मिसळतं, प्लँक्टन असतं, बारीक गाळ असतो, तो आणि मीठ स्प्रिंगच्या जागी जाऊन बसत नाही. म्हणून मला कोणी विचारलं की दादा एकच रेग्युलेटर घ्यायचा तर कुठला, तर मी मधल्या किमतीतला सीलबंद डायफ्रॅमचा सांगतो, तो आमच्याकडे असतो. सगळ्यात वरचं मॉडेल नाही सांगत. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर वर्षातून चार वेळा जाणारे, अंदमान-मालदीव करणारे, अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करून ३० मीटरला रमणारे, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना वरचं मॉडेल पैसे वसूल करून देतं, त्यांच्यासाठीच ऑर्डरची सोय आहे.

शेल्फवर न ठेवण्याचं दुसरं कारण आमच्या बाजूचं आहे, तेही सांगून टाकतो. एका प्रीमियम सेटच्या पैशात मी भाड्याचे तीन चांगले सेट घेतो आणि ते तीन सेट तुमच्याच अंगावर असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत विक्री जवळजवळ बंदच, त्या चार महिन्यांत हवेतली ओल आणि खार सगळ्याला लागते, झिपा जाम होतात, मास्कच्या सिलिकॉनवर बुरशी येते, आणि ओ रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) डब्यात पडून पडून सुकतात. तो सेट मी ऑक्टोबरमध्ये तुम्हाला नवा म्हणून विकायचा? मला नाही जमत. शिवाय लोक येऊन हाताळतात, अर्धा तास माहिती घेतात आणि दुबई-सिंगापूरहून कोणाकरवी तरी मागवतात. त्यात राग नाही, ज्याला जिथे स्वस्त मिळेल तिथे तो घेणार, पण मग माझे पैसे त्या काचेच्या कपाटात अडकून राहतात.

सर्वात महत्त्वाचं कारण सर्व्हिसचं. बऱ्याच कंपन्या सर्व्हिस किट फक्त त्यांच्याकडे ट्रेनिंग घेतलेल्या माणसालाच देतात. बहुतेक रेग्युलेटरला वर्षातून एकदा किंवा १०० डाईव्हनंतर सर्व्हिस लागते, काही कंपन्या दोन वर्षं म्हणतात पण मधल्या वर्षी तपासणी सांगतातच. जे मॉडेल मी माझ्या टेबलावर उघडून, सीट (हवा अडवणारा आतला भाग) बदलून, गेजवर इंटरमीजिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचं प्रेशर, बघून परत लावू शकतो तेच मी विकतो. जे मला उघडता येत नाही ते विकून तुम्हाला कुरिअरच्या भरवशावर सोडायचं हे मला पटत नाही, भले विक्री जाऊ दे.

आता ज्या एका गोष्टीसाठी खरं तर हे पत्रक लिहायला बसलो ती. कृपया बाहेरून घेतलेला नवा सेट डाईव्हच्या दिवशी सकाळी जेट्टीवर पिशवीतून काढू नका. हे दर शनिवारी होतंय. गेल्या डिसेंबरमधलं सांगतो, पुण्याहून एक जोडपं आलं होतं, स्वभावाने छान, गिअर एकदम भारी, पॅकिंगचे टॅगसुद्धा निघाले नव्हते. बोट साडेसातची. बॅग उघडली तर रेग्युलेटर डिन (आट्यांनी बसणारा), आमचे सिलेंडर योकचे (वरून पकड आवळून लावायचे), अ‍ॅडॅप्टर घेतलेला नाही कारण विकणाऱ्याने सांगितलंच नाही. आमच्याकडून माणूस पळाला, अ‍ॅडॅप्टर आणला, लावला, वॉल्व्ह उघडला तर ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) फुसफुसायला लागला. मग कळलं की ताईंच्या बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटरमध्येच, म्हणजे हवा भरायच्या भागातच, ऑक्टोपस होता आणि त्याचा कपलर (जोडणी) आमच्या नेहमीच्या होजवर (हवेच्या नळीवर) बसेना. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. बोटीत आणखी आठ लोक उन्हात बसलेले. तुम्हाला वाटेल चाळीस मिनिटांनी काय होतंय, पण आपल्याकडे दुपारकडे वारा धरतो, पाणी उसळायला लागतं, तांडेलाने दुसरी डाईव्ह आटोपती घ्यायला लावली आणि बरोबरच केलं त्याने. आठ लोकांची दुसरी डाईव्ह वीस मिनिटांत संपली. शेवटी ते दोघं आमच्या भाड्याच्या सेटवरच उतरले आणि मजेत उतरले, पण तो नवा सेट दिवसभर बोटीत खारवत पडला.

नवा आहे म्हणजे तयार आहे असं नसतं हो. डब्यातून निघालेल्या रेग्युलेटरचं सेटिंग वाटेत, गोदामात, वर्षभर पडून हललेलं असू शकतं. मी काय करतो ते सांगतो म्हणजे वेळ कशाला लागतो ते कळेल. सिलेंडरला लावून गेज जोडतो, बहुतेक मॉडेलला इंटरमीजिएट प्रेशर ९ ते १० बारच्या आसपास यायला पाहिजे, कंपनीचा आकडा बघून घेतो. आकडा आला की पाच मिनिटं तसंच ठेवतो, काटा हळूहळू वर चढत राहिला तर सीट नीट बसत नाहीये, आज ना उद्या फ्रीफ्लो होणार. मग सेकंड स्टेज किती ओढीला उघडतो ते बघतो, सगळे होज, कपलर, बीसीडीचे डंप वॉल्व्ह, आणि सगळं पाण्यात बुडवून बुडबुडे. घाई न करता पाऊण तास लागतो. हे काम आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आणून दिलंत तर आम्ही फुकट करून देतो, सेट कुठूनही घेतलेला असो, आमच्याकडून घेतला नाही म्हणून तोंड वाकडं करणार नाही. सकाळी जेट्टीवर आणलात तर तो सेट बोटीत चढणार नाही आणि आमचा सेट भाड्याने घ्यावा लागेल. या नियमावरून काही लोक नाराज होतात, भाड्याच्या पैशासाठी करतात असं म्हणतात, पण पाण्याखाली तुमची जबाबदारी माझ्या इन्स्ट्रक्टरवर असते आणि जो सेट मी तपासलाच नाही त्याची जबाबदारी मी त्याच्यावर कशी टाकू.

जुना सेट आणणाऱ्यांसाठी पण एक. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जो बारीक फिल्टर दिसतो तो हिरवट झाला असेल तर आत खारं पाणी गेलंय समजा. हे होतं धुताना. डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडाचं झाकण) न लावता बादलीत टाकतात, किंवा कॅप लावतात पण बुडवलेला असताना सेकंड स्टेजचं पर्ज बटण (हवा सोडायचं) दाबतात, तिथून पाणी होजमधून वर फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. कॅप पुसून, कोरडी करून, घट्ट लावा, गोड्या पाण्यात भिजत ठेवा, बटण दाबू नका, सावलीत वाळवा. पंचवीस रुपयाच्या बादलीत महागडे रेग्युलेटर खराब झालेले मी बघितलेत.

आता मास्क आणि कॉम्प्युटर का ठेवतो ते. मास्क ही एकच वस्तू आहे जी तुमच्या चेहऱ्याची असते, फोटो बघून मागवली तर बसेलच असं नाही. दुकानात या, पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा, राहिला तर तुमचा. तिथे चांगल्या सिलिकॉनला पैसे द्या, तुमच्या पहिल्या वीस डाईव्हचं सुख त्यात आहे. मिशीवाल्यांना थोडं पाणी येतंच, नाकाखाली सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने स्कर्ट (मास्कची सिलिकॉनची कड) खराब होतो. चष्मा असेल तर नंबर घेऊन या, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या काचा काही मॉडेलला तयार मिळतात. फिन्स, बूट, ३ मिलिमीटर जाडीचा सूट यात फार विचार करू नका, साधे घ्या.

कॉम्प्युटर मात्र पहिला रेग्युलेटर घ्यायच्या आधी घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांत एक चालत नाही, दोघांची खोली आणि वेळ वेगळी असते. आणि आपल्या लोकांना तो परतीसाठी जास्त लागतो. शनिवार-रविवार मिळून चार डाईव्ह आणि रविवारी रात्री दाबोळी किंवा मोपाहून फ्लाईट, हे जमत नाही, एकापेक्षा जास्त डाईव्ह झाल्या की किमान १८ तास थांबायला सांगतात, एकच असली तरी १२, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचं प्रेशर कमी होतं. गाडीने जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला काय. पण चोर्ला किंवा आंबोली चढून तुम्ही वर जाता, बेळगावच समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, आणि हा थांबायचा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. म्हणजे दुपारी दोन वाजता पाण्यातून निघून चार वाजता घाटाला लागायचं नाही. कॉम्प्युटरवर नो फ्लाय टाईम (विमानात बसायचं नाही ती वेळ) चालू असतो तो बघा, घाटाला लागण्याआधी संपलेला पाहिजे. बॅटरी स्वतःला बदलता येते असं मॉडेल घ्या, किंवा चार्जिंगचं. दोन्ही आमच्याकडे आहेत, स्टँडर्ड मॉडेल आणि एक प्रीमियम मोठ्या रंगीत स्क्रीनचं, गोव्याच्या गढूळ पाण्यात ती स्क्रीन वाचायला खरंच सोपी जाते, चाळिशीनंतर तर जास्तच.

ज्यांना प्रीमियम रेग्युलेटर हवाच आहे त्यांनी मॉडेल सांगा, त्याची किट आणि सर्व्हिस इथे मिळते का ते आधी बघून सांगतो, मिळत असेल तरच ऑर्डर घेतो, अर्धे पैसे आधी. किमतीत कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरलेला असतो त्यामुळे परदेशातल्या भावाशी तुलना करताना तेवढं लक्षात घ्या, शिवाय बाहेर घेतलेल्याची वॉरंटी इथे चालते का हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आमच्याकडून ऑर्डर केली तर डिन की योक, होजची लांबी, कपलर, सगळं तुमच्या बीसीडीवर लावून, गेजवर बघून देतो, आणि पहिली डाईव्ह उथळ पाण्यात आमच्या माणसाबरोबर, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

सर्व्हिससाठी द्यायचे सेट जून-जुलैमध्येच आणून टाका, तेव्हा आम्ही मोकळे असतो आणि दहा दिवसांत देतो. चवथीच्या आठवड्यात दुकान बंद असतं, आणि ऑक्टोबरमध्ये दिलात तर नोव्हेंबर उजाडतो.