ओमू, बोंडअळी आणि मिनामाताचं पाणी

दिवाळीत पुतण्याला लॅपटॉपवर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकीचा ‘नाउसिका’ हा अ‍ॅनिमेशनपट दाखवला. चौदा डोळ्यांचे, घराएवढे ओमू नावाचे किडे लाल डोळे करून धावत सुटले, तसा तो म्हणाला, “काका, एवढ्या मोठ्या अळीले किती पंप लागतीन?” यवतमाळकडच्या कापसाच्या घरातलं पोर, दुसरं काय विचारणार! सिनेमातल्या फौजाही तेच विचारतात म्हणा. फक्त त्यांच्याकडे पाठीवरच्या पंपाऐवजी आग ओकणारा महाकाय योद्धा आहे.

‘वाऱ्याच्या खोऱ्यातली नाउसिका’ जपानमध्ये ११ मार्च १९८४ ला लागला. मियाझाकीची सिनेमाची कल्पना आधी परत आली होती, कारण तिला मूळ चित्रकथेचा आधार नव्हता. मग त्याने चित्रकथाच काढायला घेतली. ‘अ‍ॅनिमेज’ मासिकात १९८२ च्या फेब्रुवारी अंकापासून सुरू झालेली ही कथा मधेमधे थांबत १९९४ मध्ये संपली, तोवर सात खंड झाले होते. सिनेमात तिचा सुरुवातीचाच भाग आहे. शेवट उरकल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच, असं माझं मत.

नायिकेचं नाव होमरच्या ‘ओडिसी’तल्या राजकन्येचं. स्वभाव मात्र हेइआन काळातल्या (आठवं ते बारावं शतक) एका जपानी कथेतून आलेला. त्या कथेतली सरदारकन्या भुवया कोरत नाही, रिवाजाप्रमाणे दात काळे करत नाही आणि अळ्या गोळा करून त्यांच्यात रमते. आपल्याकडे अशी मुलगी असती तर आजीने दृष्टच काढली असती.

ओमूंची चाल दाखवायला कागदाचे कापलेले तुकडे एकावर एक ठेवून रबराने जोडले होते. त्यामुळे पाठीच्या खवल्या एकमेकींखाली सरकताना दिसतात. योद्ध्याचं वितळणं रेखाटणाऱ्या तरुणाचं नाव हिदेआकी आन्नो, पुढे ‘इव्हँजेलियन’ ही गाजलेली मालिका काढणारा. सिनेमा चालला आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, मियाझाकी आणि सहकाऱ्यांचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ, स्टुडिओ घिबली उभा राहिला. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र वीसेक मिनिटं छाटून, नावही बदलून तो दाखवला गेला. त्यात ओमू नुसते चवताळलेले शत्रू होऊन बसले. नंतर घिबलीने परदेशी वितरकांसाठी अटच घातली, एकही कट चालणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आहे मिनामाता. दक्षिण जपानमधल्या या उपसागरात एका रासायनिक कारखान्याचं पारा मिसळलेलं सांडपाणी वर्षानुवर्षं जात होतं. तिथले मासे खाऊन आधी मांजरं नाचल्यासारखी तडफडून मेली, मग माणसं लुळी पडली. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी पाणी सोडणं थांबायला १९६८ उजाडलं. लोकांनी तिथली मासेमारी सोडली आणि विषारी पाण्यात मासे उलट वाढले, ही गोष्ट मियाझाकीच्या मनात बसली. सिनेमात ‘अग्नीच्या सात दिवसां’नंतर हजार वर्षांनी पसरलेलं बुरशीचं विषारी जंगल तिथूनच उगवलं.

२०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भाची बोंडं पोखरली. जिला अळी लागणार नाही म्हणून २००२ पासून बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं लावत आलो, तीच पऱ्हाटी, कापसाचं झाड. त्या वर्षी ती डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावरच यायचा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मला या सिनेमातला तळघराचा प्रसंग पाहवत नाही आणि सोडवतही नाही. नाउसिकाने जंगलातली रोपं लपवून लावलेली असतात. पवनचक्कीने खोलातून उपसलेलं पाणी आणि त्याच तळची माती मिळाली, की तीच रोपं विष सोडत नाहीत. विष झाडात नव्हतंच, वरच्या मातीत होतं.

पुतण्याने तिथेच सिनेमा थांबवायला लावला. “काका, आपल्या वावरातल्या विहिरीचं पानी चालन का तिले?”