माजी सैनिकांचा सन्मान: राज्यानं हे ऋण कधी मान्य केलं?

लढून परतलेल्या सैनिकाला राष्ट्रानं मान द्यावा, याबद्दल फारसं दुमत नसतं. पण त्याच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारी कुणाची, सेनापतीची, गावाची की राज्याची, हे ठरायला अनेक शतकं गेली.

रोमन प्रजासत्ताकात सेवा संपलेल्या शिपायासाठी राज्याची कायमची तरतूद नव्हती. त्याला जमीन मिळवून द्यायचा तो त्याचा सेनापती. साहजिकच निष्ठाही सेनापतीलाच वाहिली जाई. सुल्ला आणि सीझर यांनी अशाच निष्ठावान फौजांच्या बळावर सत्ता हाती घेतली. हा धोका पहिला रोमन सम्राट ऑगस्टस यानं ओळखला. इ.स. ६ मध्ये त्यानं निवृत्त सैनिकांसाठी वेगळा लष्करी खजिना उभारला, स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) त्यात घातले आणि तो आटू नये म्हणून वारशावर ५ टक्के कर बसवला. धनिकांनी कुरकुर केली, तरी कर टिकला. सैनिकाचं देणं संपूर्ण समाजानं उचलायचं, हे तत्त्व इथं कायद्यात उतरलं. मला ही घटना कुठल्याही विजयस्तंभापेक्षा मोठी वाटते.

पुढे १५९३ मध्ये इंग्लंडनं जखमी सैनिकांच्या निर्वाहासाठी पॅरिशांवर, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार आखलेल्या स्थानिक विभागांवर, कर लावला. १६७० मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानं पॅरिसमध्ये अपंग आणि वृद्ध सैनिकांसाठी ‘अँव्हालीद’ बांधायचा हुकूम दिला. मार्च १८६५ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंकन यानं दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात लढलेल्या माणसाची, त्याच्या विधवेची आणि अनाथ मुलाची काळजी वाहणं हे राष्ट्राचं कर्तव्य म्हणून सांगितलं. हा शब्द किती लांब पोचतो पाहा: तेव्हाच्या अमेरिकन यादवी युद्धातल्या एका सैनिकाच्या मुलीला २०२० पर्यंत दरमहा निवृत्तिवेतन मिळत होतं.

त्याच देशानं मात्र पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची घोर उपेक्षा केली. १९२४ च्या कायद्यानं त्यांना बोनस मंजूर झाला, पण बहुतेकांच्या हाती रोख रकमेऐवजी प्रमाणपत्रं आली आणि त्यांची पूर्ण रक्कम मिळणार होती १९४५ मध्ये. मधेच महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेरोजगार माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनमध्ये छावणी टाकून बसले. २८ जुलैला घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर वापरून त्यांना हुसकावण्यात आलं, त्यांच्या झोपड्या जळाल्या. हुकूम बजावणारे सैनिक, आणि समोर कालचे सैनिक! अज्ञात सैनिकाच्या समाधीला मानवंदना देणाऱ्या राजधानीत हे घडलं, याची चीड आजही यावी. मेलेल्याला फूल वाहणं सोपं असतं. जिवंत सैनिक भाडं, औषध आणि काम मागतो.

१९३६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं (काँग्रेसनं) राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून ती रक्कम देऊ केली. ही जखम ताजी असल्यानंच दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची वाट न पाहता २२ जून १९४४ ला नवा कायदा झाला: शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी, बेकारी भत्ता. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं. त्या काळात अनेक कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र बँकांनी आणि महाविद्यालयांनी दारातूनच परत पाठवलं.

मनाच्या जखमांना मान्यता मिळायला याहून उशीर लागला. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’, म्हणजे लढाईच्या भीषणतेनं मनावर बसलेला धक्का, झालेल्यांपैकी कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या डॉक्टरांच्या पाठपुराव्यानंतर, अमेरिकन मानसोपचार संघटनेनं आघातोत्तर तणाव विकाराची (पीटीएसडी) मानसिक विकारांच्या आपल्या सूचीत नोंद केली. त्यानंतरच या त्रासासाठी उपचार आणि भरपाई मागायला सैनिकाच्या हाती ठोस वैद्यकीय आधार आला.