कोकणच्या कादंबरीतील देव आणि श्रद्धाशोध

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर घडणाऱ्या आणि माणसाचे देवाशी असलेले नाते तपासणाऱ्या मराठी कादंबऱ्यांचा प्रवाह. घाटावरचा भाविक देवासाठी पंढरीची वाट धरतो. कोकणातल्या माणसाला सहसा एवढे लांब जावे लागत नाही. देव गावातच असतो, त्याचा मान ठरलेला असतो आणि तो रागावतोही. म्हणून या कादंबऱ्यांत मोक्षाची चर्चा फारशी नाही. देव खरेच बोलला का, हा त्यांचा प्रश्न.

त्यामागे गावऱ्हाटी, म्हणजे गावातला देव आणि मानपान यांचा परंपरागत कारभार आहे. रवळनाथ, सातेरी, वेतोबा ही ग्रामदैवते. गुरव, घाडी, मानकरी यांची कामे वाटलेली. लग्न असो की जमिनीचा तंटा, आधी गाऱ्हाणे घालतात आणि प्रत्येक मागणीला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. मग कौल, म्हणजे देवाचे उत्तर. मूर्तीला पाकळ्या किंवा कळे चिकटवायचे आणि उजवीकडचा आधी पडतो की डावीकडचा, यावर नजर ठेवायची. काहीच पडले नाही, तर पुन्हा गाऱ्हाणे. पडले तरी त्याचा अर्थ माणसानेच लावायचा असतो, आणि कादंबरीकाराला शिरायला वाट मिळते ती इथेच.

या वाटेने सर्वांत खोल गेले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६). जन्म वेंगुर्ल्याजवळचा, कविता ‘आरती प्रभू’ या नावाने. ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी गावालगतच्या समुद्रकाठच्या जागेचे आहे. तिच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’ हे चित्रपट केले. चित्रपटातल्या परशुरामाला साक्षात्कार होतो, वर म्हणून एक मुळी मिळते आणि ब्रह्मचर्याची अट पडते. गाव त्याच्या पाया पडू लागते. पण देवीची आज्ञा कुठे संपते आणि त्याच्या मनातला संशय कुठे सुरू होतो, हे त्याला स्वतःलाच कळत नाही, आणि त्या मुळीने एका निरपराध बाईचा घात होतो. कौल निदान चारचौघांसमोर लागतो. साक्षात्काराला साक्षीदार नसतो. भोंदूगिरीवर लिहिणे त्यामानाने सोपे. परशुराम प्रामाणिक आहे, म्हणून तो जास्त भीतिदायक वाटतो.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये मात्र देवापेक्षा गावकीचाच जोर अधिक.

आरवलीच्या वेतोबाच्या छायेत वाढलेल्या जयवंत दळवींनी ‘महानंदा’ या कादंबरीत भाविणींचे, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायकांचे जिणे घेतले. शेंस विधीने मुलीचे लग्न देवाशी लागत असे. मग एखाद्या पुरुषाने तिच्यावर जीव लावला, तर तिच्यावर हक्क कुणाचा? इथे श्रद्धेची किंमत बाईच मोजते. या कादंबरीवर शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक लिहिले.