वर्गसभा (मेथडिस्ट पंथ)

वर्गसभा : मेथडिस्ट ख्रिस्ती पंथातील सभासदांच्या लहान गटाची साप्ताहिक बैठक. सुमारे बारा सभासद आणि त्यांच्यातूनच नेमलेला एक वर्गनायक मिळून एक ‘वर्ग’ होत असे. शाळेतला वर्ग किंवा समाजातले उच्चनीच वर्ग येथे अभिप्रेत नाहीत. इंग्रजी ‘क्लास’च्या मूळ लॅटिन शब्दातला ‘विभाग’ एवढाच अर्थ त्यामागे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या चळवळीत ही प्रथा सुरू झाली आणि पुढे सुमारे शंभर वर्षे मेथडिस्ट असणे म्हणजे कोणत्या तरी वर्गात नाव असणे, असे समीकरण रूढ होते. सामुदायिक उपासना, परस्परांच्या आचरणावरील देखरेख, गरिबांना मदत आणि मंडळीचा हिशेब ही चारही कामे या एकाच बैठकीतून चालत, हे तिचे वेगळेपण होय.

तिचा उगम मात्र धर्मचिंतनात नव्हे, तर कर्जफेडीत आहे. एप्रिल १७३९ मध्ये वेस्लींनी ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानावर प्रवचने देण्यास आरंभ केला. त्यांच्या श्रोत्यांत किंग्सवूडच्या कोळसा खाणींतील मजूर मोठ्या संख्येने असत. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ ही सभेची वास्तू उभी राहू लागली आणि तिच्या बांधकामाचे देणे डोक्यावर राहिले. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी हे देणे कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी सभासद जमले असता, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना पुढे आली. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, अशी शंका लगेच निघाली. तेव्हा जमलेल्यांपैकी कॅप्टन फॉय यांनी सुचविले की, अकरा अत्यंत गरीब सभासद आपल्याकडे सोपवावेत. आपण दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊ आणि ज्याला काही देता येणार नाही त्याची पेनी आपण स्वतः भरू. इतरांनीही हीच जबाबदारी पत्करली आणि सर्व सभासद बारा-बारांच्या गटांत विभागले गेले. मराठी वाचकाला यावरून भिशी आठवेल. परंतु भिशीत प्रत्येकाची पाळी येते आणि रक्कम परत हाती पडते, तसे येथे काही नव्हते.

वर्गणीसाठी घरोघर फिरणाऱ्यांना लवकरच निराळी माहिती कळू लागली. कुणाच्या घरी भांडणे चालली आहेत, कोण दारूकडे पुन्हा वळला आहे, कोण आजारी असून कुणाला सांगत नाही, हे सारे ते येऊन सांगू लागले. आपल्याला इतके दिवस हेच हवे होते, हे वेस्लींच्या ध्यानात आले आणि काही आठवड्यांतच त्यांनी लंडनमध्येही तीच व्यवस्था लागू केली. घरोघरच्या भेटींमध्ये मात्र अडचणी निघाल्या. अनेक सभासद दुसऱ्यांच्या घरी नोकर होते आणि मालकांना अशी ये-जा खपत नसे. शिवाय एकाबद्दल दुसऱ्याने काही सांगितले तर दोघांना समोरासमोर आणणे जमत नसे. म्हणून नायकाने दारोदार जाण्याऐवजी साऱ्या वर्गानेच आठवड्यातून एकदा एका जागी जमावे असे ठरले आणि वर्गणी गोळा करण्याच्या सोयीची खऱ्या अर्थाने सभा झाली.

बैठकीचे स्वरूप साधे असे. आरंभी स्तोत्रगायन आणि प्रार्थना होई. नंतर वर्गनायक स्वतःच्या आठवड्याविषयी बोले आणि मग एकेकाला त्याच्या आत्मिक स्थितीविषयी विचारी. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ज्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे. तथापि साक्षीत बहुधा तारणाचा अनुभव सांगितला जातो, तर वर्गात सरत्या आठवड्याचा हिशेब द्यावा लागे आणि त्यात अपयशही येई. १७४३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वसाधारण नियमांत नायकाची कर्तव्ये नेमून दिली आहेत : प्रत्येक सभासदाची आठवड्यातून निदान एकदा गाठ घेणे, प्रसंगानुरूप सल्ला, ठपका, दिलासा किंवा उत्तेजन देणे, गरिबांच्या साहाय्यासाठी जे मिळेल ते स्वीकारणे, आणि धर्मसेवक व कारभारी यांना भेटून आजाऱ्यांची व वाट चुकलेल्यांची वर्दी देत जमा रक्कम त्यांच्या स्वाधीन करणे. सभासदासाठीही तीनच नियम होते : कुणाचे वाईट करू नये, जमेल तितके भले करावे आणि देवाने लावून दिलेले उपासनाविधी पाळावेत. प्रवेशासाठी कोणत्याही मतप्रणालीची कबुली लागत नसे. पापापासून सुटण्याची इच्छा पुरेशी मानली जाई. दार असे सताड उघडे असले तरी आत टिकून राहणे सोपे नव्हते.

टिकणाऱ्याला दर तीन महिन्यांनी तिकीट मिळे. छापील कागदाच्या या लहानशा तुकड्यावर सभासदाचे नाव आणि बायबलमधील एखादे वचन असे आणि धर्मसेवक वर्गाची तपासणी करून ते नव्याने देई. प्रीतिभोजनाला, म्हणजे पाव आणि पाणी वाटून घेत अनुभवकथनासाठी भरणाऱ्या मेळ्याला, प्रवेश मिळविताना ते दाखवावे लागे. तिकीट न मिळणे म्हणजे गाजावाजा न करता सभासदत्व संपणे. वेस्ली ही तपासणी किती कसोशीने करीत, हे न्यूकॅसल येथील मार्च १७४३ च्या त्यांच्या नोंदीवरून दिसते. तेथील ६४ जणांना त्यांनी वगळले आणि कारणे मोजून लिहून ठेवली : मद्यपानासाठी १७, निंदानालस्तीसाठी ४, भांडणतंट्यासाठी ३, सवयीने खोटे बोलण्यासाठी ३, शिव्याशाप देण्यासाठी २, शब्बाथ, म्हणजे पवित्र विश्रांतिवार, मोडण्यासाठी २, दारू विकण्यासाठी २, पत्नीला मारहाण केल्याबद्दल १, आळसासाठी १, आणि उथळपणा व बेफिकिरी यांसाठी २९. सर्वांत मोठा आकडा कोणत्याही ठळक दुराचाराचा नाही, ही गोष्ट या शिस्तीविषयी बरेच काही सांगून जाते.

वर्गापेक्षा लहान असा ‘बँड’ हा गटही चळवळीत होता. मोरेव्हियन या मध्य युरोपातील प्रोटेस्टंट पंथाच्या बांधवांकडून घेतलेल्या या गटात केवळ पुरुष किंवा केवळ स्त्रिया, त्यांतही विवाहित आणि अविवाहित वेगळे बसत आणि पापांची कबुली अधिक मोकळेपणाने दिली जाई. बँड ऐच्छिक होता, वर्ग सर्वांना बंधनकारक; आणि वर्गात मालक, मोलकरीण, विणकर, विधवा एकाच बाकावर येत.

सेवाकार्य वर्गसभेला नंतर जोडले गेले, असे म्हणता येणार नाही. नायकाच्या वहीतील पेनी मुळातच गरिबांच्या नावे जमा होई. त्याच सुमारास लंडनमध्ये वेस्लींनी ४६ स्वयंसेवक निवडले, शहराचे २३ भाग पाडले आणि प्रत्येक भागात दोघांनी आजाऱ्यांना आठवड्यातून तीनदा भेटावे अशी योजना केली. चळवळीचे लंडनमधील केंद्र असलेल्या ‘फाउंडरी’ या तोफा ओतण्याच्या जुन्या कारखान्यात १७४६ साली मोफत औषधवाटप सुरू झाले आणि त्याच वर्षी लहान कर्जांसाठी एक निधी उभारण्यात आला. त्यातून आरंभी २० शिलिंगांपर्यंतची रक्कम बिनव्याजी मिळे आणि ती तीन महिन्यांत साप्ताहिक हप्त्यांनी फेडावी लागे. पुढे ही मर्यादा वाढल्यावर जेम्स लॅकिंग्टन नावाच्या एका पादत्राणे करणाऱ्या कारागिराने त्यातून पाच पौंड घेऊन जुन्या पुस्तकांचा धंदा वाढविला आणि तो लंडनमधील फार मोठा पुस्तकविक्रेता झाला. लंडनमध्ये १७८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी’ने तर मेथडिस्ट नसलेल्या परक्या गरिबांना मदत करण्याचे काम अंगावर घेतले. ही मदत गरजूपर्यंत पोहोचे ती त्याचे घर ठाऊक असलेल्या माणसांकरवी, म्हणून ती फारशी वाया जात नसे.

मेथडिस्टांच्या प्रसाराचे श्रेय सहसा वेस्लींच्या प्रवचनांना आणि त्यांचे बंधू चार्ल्स यांच्या गीतांना दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वेस्लींचे सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या वक्तृत्वाला अधिक गर्दी लोटत असे. परंतु प्रवचनाने हेलावलेला माणूस पुढच्या गुरुवारी कुठे आहे, हे विचारणारी यंत्रणा व्हाइटफील्ड यांनी बांधली नाही. मेथडिस्ट धर्मसेवक एका सर्किटमध्ये, म्हणजे अनेक गावांच्या साखळीत, सतत फिरत असे आणि काही वर्षांत, पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांतच, त्याची बदली होई. एका गावाच्या वाट्याला तो महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी येई. मधल्या काळात रविवारचे प्रवचन तिमाही वेळापत्रकानुसार स्थानिक प्रवचनकार देत. हे लोक आठवडाभर शेतात, खाणीत किंवा मागावर काम करणारे असत. मंडळीची खरी राखण मात्र वर्गनायकच करी. पगार नसलेला, पदवी नसलेला आणि त्याच गल्लीत राहणारा तो पाळकच होता.

या पदावर स्त्रियाही होत्या आणि काही ठिकाणी त्यांची संख्या मोठी होती. फेब्रुवारी १७६१ मध्ये डर्बी येथे सेरा क्रॉस्बी वर्ग घेण्यासाठी गेल्या. तीसेक माणसे अपेक्षित असताना सुमारे २०० जमली. प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणे अशक्य झाल्याने त्यांनी सर्वांना उद्देशून भाषण केले आणि आपण मर्यादा ओलांडली की काय म्हणून वेस्लींना लिहून विचारले. वेस्लींनी आक्षेप घेतला नाही. मेथडिस्टांमधील स्त्रियांच्या प्रवचनाची वाट अशी वर्गातून निघाली. वेस्लींच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये वेस्लियन कॉन्फरन्सने, म्हणजे धर्मसेवकांच्या वार्षिक परिषदेने, ती बरीच आवळली. कॅरिबियनमधील अँटिग्वा बेटावर मळेवाले नॅथॅनिएल गिल्बर्ट यांनी १७६० च्या सुमारास गुलामांसाठी सुरू केलेली मंडळी त्यांच्या निधनानंतर मेरी अ‍ॅली आणि सोफिया कँपबेल या दोन स्त्रियांनी, कोणी धर्मसेवक येईपर्यंत, चालू ठेवली. न्यूयॉर्कमधील पहिली मेथडिस्ट बैठक १७६६ साली बार्बरा हेक यांच्या आग्रहावरून पाच माणसांनिशी भरली.

वर्गाची रचना चर्चच्या भिंतींबाहेरही गेली. १८३४ साली इंग्लंडमधील टॉलपडल गावच्या ज्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांपैकी पाच मेथडिस्ट होते आणि त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा स्थानिक प्रवचनकार होता. १८४० मध्ये स्थापन झालेल्या चार्टिस्टांच्या, म्हणजे कष्टकऱ्यांसाठी मताधिकार मागणाऱ्यांच्या, राष्ट्रीय संघटनेने दहा-दहा सभासदांचे वर्ग, वर्गनायक आणि आठवड्याची पेनी ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी उचलली. वेस्लियन कॉन्फरन्सचे धुरीण राजनिष्ठ होते आणि त्यांना हे मुळीच आवडले नाही. परंतु सभा चालवणे, हिशेब लिहिणे आणि चारचौघांत उभे राहून बोलणे हे कष्टकऱ्यांना शिकवून झाल्यावर त्यांनी ते कुठे वापरावे, हे ठरवणे धुरिणांच्या हाती राहिले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात वर्गसभा हळूहळू ओसरली. धर्मसेवक एका जागी स्थिरावून शेजारीच राहू लागला, तेव्हा नायकाचे निम्मे काम संपले. वर्ग वीस-तीस जणांचे झाले. तीच माणसे तोच अनुभव त्याच शब्दांत सांगू लागली, ही तक्रार तर सर्वत्र ऐकू येई. संडे स्कूल, प्रार्थनासभा आणि निरनिराळी मंडळे यांनी लोकांचा वेळ घेतला. सुखवस्तू झालेल्या सभासदांना शेजाऱ्यांपुढे मन उघडे करणे नकोसे वाटू लागले, हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १८६६ मध्ये वर्गातील हजेरीची सक्ती काढून टाकली.

मुंबईत मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती मात्र याच पद्धतीने. अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर हे नोव्हेंबर १८७१ मध्ये मुंबईत आले. त्यांनी प्रथम चर्च न बांधता घराघरांत ‘फेलोशिप बँड’ नावाचे छोटे गट स्थापन केले आणि १८७२ च्या आरंभी त्यांतूनच मंडळीची स्थापना झाली. १८४८ पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे आणि वेतन नाकारणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाबा भागातील बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने आहे. मंडळीने परदेशी पैशावर अवलंबून राहू नये, हा टेलर यांचा आग्रह कॅप्टन फॉय यांच्या पेनीशी नाते सांगतो. त्यांचे सुरुवातीचे सभासद प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे युरोपीय व अँग्लो-इंडियन होते. मराठी भाषकांमधील काम त्यानंतर विस्तारले. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आळीपाळीने सभासदांच्या घरी प्रार्थनासभा होतात, गीते, वचन, साक्ष आणि शेवटी चहा असा त्यांचा क्रम असतो. त्या वर्गसभेच्या थेट वारस आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण अशा सभा इतर मिशनांच्या मंडळ्यांतही आहेत आणि त्यांत हजेरीची वही नसते. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट तीत सामील झाले. टेलर यांच्या परंपरेतील अमेरिकन शाखा बाहेर राहिली आणि १९८१ पासून ती ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त आहे.

घाना आणि कोरिया येथील मेथडिस्ट मंडळ्यांत वर्गपद्धती अजून जिवंत आहे. कोरियात तिला ‘सोख्वे’ म्हणतात. ब्रिटनमध्ये वर्गनायकाच्या जागी आता ‘पास्टरल व्हिजिटर’ असतो, त्याच्याकडे काही सभासदांची यादी असते आणि सवडीनुसार तो भेटी देतो. सभासदत्वाचे तिकीट तेथे अजूनही दरवर्षी वाटले जाते. ते दाखवून आत जाण्याची वेळ मात्र आता कुणावर येत नाही.