स्टॅम्पपेपरवरचा छुटाछेडा: बडोद्यातली जुनी समजूत

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतही ‘आपसात छुटाछेडा (गुजरातीत घटस्फोट) करून टाकला’ हे वाक्य कानावर येतं. म्हणजे स्टॅम्पपेपरवर दोघांचे फोटो, दोन्हीकडचे साक्षीदार, परत दिलेल्या दागिन्यांची यादी, ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क नाही’ अशी ओळ आणि खाली नोटरीचा शिक्का. कोर्टाची पायरी न चढता सुटलो, असं दोघांनाही वाटतं. हिंदू विवाह कायद्याने मात्र एवढ्यावर लग्न मोडत नाही.

ही समजूत उगाच रुजलेली नाही. अनेक जातींत पंचांसमोर फारकत घेण्याची रीत पूर्वापार होती. जिथे ती नव्हती, तिथल्या बायकांना सुटकाच नव्हती. बडोदा संस्थानात सयाजीरावांच्या राजवटीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला; शेजारच्या मुंबई प्रांतात त्यासाठी १९४७ उजाडलं. आम्हा बडोदेकरांना याचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे.

देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला, पण सुटायचं तर जोडीदाराचा दोष कोर्टात सिद्ध करावा लागे. संमतीने घटस्फोट विशेष विवाह कायद्यात १९५४ पासून होता. हिंदू कायद्यात तो कलम १३-ब म्हणून १९७६ साली आला. वर्षभर वेगळं राहणं, दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिन्यांची वाट. ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत मात्र दोघांची संमती टिकावी लागते.

मग स्टॅम्पपेपर टिकला कसा? १९५५ च्या कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने होणारा घटस्फोट कायम ठेवला, त्याच आडोशाला. पण आपल्या जातीत अशी रूढी आहे हे पुराव्याने शाबीत करावं लागतं, आणि तिथेच बहुतेक कागद गळतात. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, वर द्विभार्येचा गुन्हा. याची झळ बहुतेकदा बाईलाच बसते: पुढे नवऱ्याच्या पेन्शनवर किंवा घरावर हक्क सांगताना तिची बाजू लंगडी पडते.

तरी तो कागद वाया जात नाही. पोटगी, दागिने, मुलांचा ताबा यांच्या ठरलेल्या अटी म्हणून तो १३-बच्या अर्जाला जोडता येतो. मात्र विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त नोटरींनी करू नयेत, असं केंद्राच्या विधी खात्याने २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं आहे.